उपग्रहचित्रं टेपवर साठवावीत का? आणि कपाटातल्या जुन्या रिळांचं काय करू?

गवताळ
नमस्कार मंडळी. धागा थोडा तांत्रिक आहे, पण इथे जुनीजाणती माणसं आहेत म्हणून टाकतेय.

मी मराठवाड्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नकाशांचं काम बघते. गेली काही वर्षं आम्ही सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं उतरवून दर हंगामाचे भूआच्छादनाचे नकाशे करतोय. खरीप, रब्बी, उन्हाळी पीक, पडीक, गवत, झुडपी, पाणी. मूळ चित्रं, मधल्या पायऱ्या आणि अंतिम नकाशे मिळून मामला साठ टीबीच्या घरात गेलाय. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर, डिस्क लोखंडी कपाटात. यंदा उन्हाळ्यात काही डिस्क सुरूच झाल्या नाहीत.

विश्वस्त म्हणतात क्लाउडवर टाका. ओळखीचा एक इंजिनिअर म्हणतो एलटीओ टेप (संगणकाचा डेटा ठेवायची चुंबकीय पट्टीची डबी) घ्या, तीस वर्षं बघायला नको. आमच्यापैकी कोणी टेप हातातसुद्धा घेतलेली नाही.

दुसरं म्हणजे, एक निवृत्त प्राध्यापक मोठ्या टेपची काही रिळं आमच्याकडे ठेवून गेलेत. डब्यावर 'आयआरएस-१ए, लिस-२', १९८९ ची तारीख आणि '६२५० बीपीआय' लिहिलंय. (आयआरएस-१ए हा आपला जुना उपग्रह, लिस-२ त्यावरचा कॅमेरा.) टाकून द्यायला जीव होत नाही. हे वाचता येईल का?

चकलीपसंत
टेप म्हणजे तीच ना, पेन्सिल घालून गुंडाळायची? आमच्या माळ्यावर भावगीतांचं खोकं आहे, हवं तर तुमच्या उपग्रहाला देतो.

ढगवाला
२०११ सालचा प्रश्न वाटला. कोण वापरतं हो आता टेप? क्लाउडवर टाका आणि झोपा.

सरळरेषा
@ढगवाला, २०११ चंच सांगतो. त्या वर्षी फेब्रुवारीत जीमेलच्या काही खात्यांमधले सगळे ईमेल गायब झाले होते, आठवतंय? एकाहून जास्त ठिकाणी प्रती होत्या, पण बिघाड प्रणालीतच असल्यामुळे तो सगळ्या प्रतींवर गेला. शेवटी गूगलने ते ईमेल टेपवरून परत आणले. सर्न (युरोपची कणभौतिकीची प्रयोगशाळा) टेप वापरतं, युरोपचं हवामान अंदाज केंद्र वापरतं. तुमच्या क्लाउडच्या स्वस्त 'थंड' साठ्यामागेसुद्धा बऱ्याचदा टेपच असते.

टेपचं मोठेपण एवढंच, की ती ड्राइव्हमधून काढून ठेवली की तिला वीज लागत नाही आणि खंडणीखोर व्हायरस तिच्यापर्यंत पोचत नाही.

नऊ_ट्रॅक
रिळांबद्दल मी लिहितो. संगणक केंद्रात ऑपरेटर म्हणून नोकरी केली, ही रिळं चढवण्या-उतरवण्यात उमेदीची वर्षं गेली.

तुमच्याकडे आहे ती नऊ ट्रॅकची टेप. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० बरोबर आणलेली. पट्टी अर्धा इंच रुंद, आठ ट्रॅक बाइटचे आणि नववा पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडण्यासाठी. साडेदहा इंची रिळावर २४०० फूट पट्टी. बीपीआय म्हणजे एका ट्रॅकवर इंचाला किती बिट. ८०० बीपीआयला वीसेक एमबी मावायचे, १६०० ला चाळीसेक, ६२५० ला दीडशेच्या आसपास. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या एमएसएस संवेदकाचं एक दृश्य म्हणजे १८५ किमी बाय १८५ किमी, प्रकाशाचे चार पट्टे, साधारण ३० एमबी. सुरुवातीच्या काळात असं एक दृश्य ८०० बीपीआयच्या चार टेपांवर यायचं. चित्राचे उभे चार काप करून एकेका टेपवर एकेक काप. चारातली एक टेप बिघडली की जिल्ह्याचा मधला उभा तुकडा नाहीसा.

आता काय करायचं:

आधी रीळ मागून बघा. मधल्या खाचेत प्लास्टिकचं कडं बसवलेलं असेल तर काढून ठेवा. कडं असलं तरच टेपवर लिहिता येतं, नसलं की ड्राइव्ह फक्त वाचतो. आम्ही नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

मग वास घ्या, कडेला बुरशी दिसते का बघा. डबे उभे ठेवा, आडवे एकावर एक रचू नका. आणि कोणी 'आमच्याकडे चालू ड्राइव्ह आहे' म्हणालं म्हणून लगेच लावायला देऊ नका. पट्टीवरचं चुंबकीय चूर्ण ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो. अशी टेप फिरवली की चूर्ण खरवडून हेडवर बसतं. मग तुमचा १९८९ चा रब्बी हंगाम कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा लागेल.

तांबडंजंगल
काका, काय आठवण काढलीत! आम्ही पलीकडच्या टोकाला होतो. टेप मशीनवाल्यांची, आमच्या हाती यायचे एकास अडीच लाख प्रमाणाचे छापील कागद. लाइट टेबलवर कागद, त्यावर पारदर्शक फिल्म, हातात बारीक पेन. झाडोरा लाल दिसतो, पाणी काळं, खडकाळ माळ निळसर राखाडी. दिवसभर लाल रंगाच्या छटा बघून संध्याकाळी रस्त्यावरची खरी झाडं हिरवी कशी, असं वाटायचं.

देशाच्या वनसर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ चा. तो लँडसॅटच्या १९८१ ते ८३ च्या चित्रांवरून, असाच डोळ्यांनी वाचून केलेला. आज लोक तो आकडा आणि ताजा आकडा शेजारी ठेवून 'जंगल वाढलं की घटलं' यावर भांडतात. पद्धत निराळी, पिक्सेल निराळा, व्याख्या निराळी. मूळ चित्रं हातात असली तर निदान जुनं चित्र नव्या पद्धतीने पुन्हा वाचता येतं.

गवताळ, म्हणून रिळं टाकू नका.

बांधकरी
हे सगळं ठीक आहे पण १९८९ च्या चित्रात माझा बांध दिसेल का? भावकीत वाद चालू आहे.

सरळरेषा
@बांधकरी, नाही दिसणार. लिस-२ चा पिक्सेल ३६.२५ मीटरचा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये जवळजवळ तेरा गुंठे. त्याच उपग्रहावरचा लिस-१ तर ७२.५ मीटरचा, बावन्न गुंठ्यांचा एक ठिपका. सेंटिनेलचा १० मीटरचा पिक्सेल मात्र जवळजवळ बरोबर एक गुंठा भरतो.

बांधकरी
म्हणजे आमचा वाद पाव पिक्सेलचा आहे. भावाला सांगतो.

माळरान
बांध सोडा, गायरानाचं बघा. आमच्या गावचं गायरान सव्वादोनशे एकर. ते कधीपासून पिकाखाली गेलं यावर ग्रामसभेत दर वर्षी आवाज चढतात. एवढं क्षेत्र जुन्या चित्रात सहज दिसतं. उन्हाळ्यातलं एक आणि रब्बीतलं एक अशी दोन चित्रं मिळाली तरी पुरे.

चंद्रावरचाटॅक्स
टेपा जपण्याचा विषय निघालाच आहे तर: चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ टेपा नासाने पुसल्या, आणि त्या पुसून त्यावर काय भरलं असेल? लँडसॅट! म्हणजे माणूस चंद्रावर उतरल्याचं चित्र गेलं आणि त्या जागी कुणाचं तरी मक्याचं शेत आलं.

सरळरेषा
अर्धं बरोबर. पाऊल कुठे गेलेलं नाही, दूरचित्रवाणीवर दिसलेलं चित्रण आहेच, आणि नासाने २००९ मध्ये प्रसारकांकडच्या चांगल्या प्रती मिळवून ते साफ करून दाखवलं. हरवल्या त्या एक इंची, चौदा ट्रॅकच्या दूरमापनाच्या टेपा, ज्यांवर प्रसारणाआधीचं मूळ चित्र होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेपांची भयंकर टंचाई होती आणि लँडसॅटची भूक मोठी होती. त्यात त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष आहे. नेमकी कुठली टेप कुठे गेली याची चिठ्ठी कोणाकडे नाही.

चंद्रावरचाटॅक्स
माझी गोष्ट जास्त चांगली होती.

नऊ_ट्रॅक
टंचाईचं मात्र खरं आहे. रीळ महाग, त्यामुळे 'काम झालं, पुसा' हाच नियम. जपायचं असेल त्यावर कोणीतरी वरून सही करावी लागे.

चंद्राचाच दुसरा किस्सा सांगतो. साठच्या दशकातल्या लूनर ऑर्बिटर यानांच्या टेपा टिकल्या होत्या, पण त्या वाचणारे अँपेक्स एफआर-९०० ड्राइव्ह दुर्मीळ. नॅन्सी इव्हान्स नावाच्या नासातल्या बाईंनी टेपाही जपल्या आणि ते अवाढव्य ड्राइव्ह स्वतःच्या जागेत ठेवून घेतले. पुढे २००८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एम्स केंद्राच्या आवारात, बंद पडलेल्या एका मॅकडोनल्ड्समध्ये ते ड्राइव्ह दुरुस्त करून चित्रं काढली. टेपा राहिल्या म्हणून नव्हे हो, बाईंनी ड्राइव्ह भंगारात जाऊ दिले नाहीत म्हणून.

गवताळ
सगळ्यांचे आभार. काका, कडं नव्हतं, खाच रिकामी आहे. बुरशी दिसली नाही. एका डब्यावर तारखेखाली 'ए२' असंही आहे, ते काय?

@सरळरेषा, एलटीओबद्दल अजून सांगा ना. दुकानदार म्हणतो एका टेपवर ४५ टीबी बसतात, म्हणजे आमचं दोन टेपांत आटोपेल?

नऊ_ट्रॅक
लिस-२ चं दृश्य चार भागांत मिळायचं: ए१, ए२, बी१, बी२. तुमच्याकडे त्यातला एक भाग आहे. उरलेले तीन प्राध्यापकांनी विकत घेतले नसतील. पैसे लागायचे.

सरळरेषा
दुकानदाराचा आकडा अडीच पट दाबून बसवण्याचा आहे. एलटीओ-९ ची खरी क्षमता १८ टीबी. कार्यालयातली कागदपत्रं दाबली जातात, चित्रं नाहीत. सेंटिनेल-२ ची चित्रं जेपीईजी-२००० मध्ये आधीच दाबलेली येतात, तुमच्या जिओटिफही (नकाशांच्या चित्रफायली) दाबलेल्या असणार. साठ टीबीला चार टेपा धरा. आणि प्रत्येकीच्या दोन प्रती, दोन गावांत. म्हणजे आठ.

टेप स्वस्त आहे, महाग आहे ड्राइव्ह. नवा घेतला तर काही लाखांत जातो, शिवाय तो जोडायला संगणकात सॅस कार्ड लागतं. साठ टीबीसाठी हा खर्च काठावरचा आहे. तुमच्यासारख्या तीन-चार संस्था मिळून एक ड्राइव्ह घेत असाल तर बिनधास्त घ्या.

गंमत म्हणजे पट्टीची रुंदी अजूनही अर्धा इंचच. काकांच्या पट्टीवर नऊ ट्रॅक होते, एलटीओ-९ वर ८९६० आहेत आणि लांबी १०३५ मीटर. पूर्ण वेगाने, सेकंदाला ४०० एमबीने, एक टेप भरायला साडेबारा तास लागतात. पण हा वेग तुम्ही लाखो छोट्या फायली टाकल्यात तर मिळणार नाही. डेटा खुंटला की ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. पट्टी झिजते, वेळ जातो. म्हणून आधी तालुका-हंगाम असे मोठे गठ्ठे बांधा, प्रत्येक गठ्ठ्याचा चेकसम (फाइल बदलली नाही हे ताडायचा आकडा) काढा, आणि टेपवर गेल्यावर परत वाचून ताडून बघा. न वाचलेली टेप ही टेप धरू नका.

ढगवाला
एवढा कुटाणा करण्यापेक्षा मूळ चित्रं ठेवताच कशाला? सेंटिनेलची चित्रं कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाकडे आहेतच, फुकट आहेत. हवी तेव्हा पुन्हा उतरवा. टेपवाले चिडतील, पण साठ टीबीतले पन्नास तरी दुसऱ्याच्या घरी सुरक्षित असलेलं सामान आहे.

सरळरेषा
ढगवाल्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तांबडंजंगल
थोडं थांबा. 'फुकट आहेत, राहतील' हे गृहीत धरू नका. लँडसॅटचा इतिहास बघा. ऐंशीच्या दशकात तो खासगी कंपनीकडे दिला आणि टीएम या लँडसॅटच्या नंतरच्या संवेदकाच्या एका दृश्याची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. नंतर सरकारकडे परत आल्यावरही लँडसॅट-७ चं दृश्य सहाशे डॉलरला होतं. फुकट झालं ते २००८ पासून. आपल्याकडे ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं खुली करण्याचं धोरण २०२३ चं. आज दार उघडं आहे म्हणून कायमचं उघडं राहील असं नाही.

आणि उपग्रहवाल्यांकडे सगळं असतंच, हाही गैरसमज. हैदराबादजवळच्या शादनगरचं केंद्र १९७९ मध्ये लँडसॅट घ्यायला लागलं. त्याआधीची आपल्याकडची चित्रं उपग्रहावरच्याच टेपवर मुद्रित होऊन अमेरिकी केंद्रांवर उतरली. तो टेपरेकॉर्डर अर्ध्या तासाचा. कुठल्या देशावर बटण दाबायचं हे ठरवावं लागे. लँडसॅट-१ जुलै १९७२ मध्ये गेला, आपल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. त्या काळातलं एखादं चित्र मिळालं की मी आजही पाच मिनिटं नुसती बघत बसते. पैठणला नाथसागर नाही, गोदावरीचं पात्र नुसतं.

पुढे लँडसॅट-४ आणि ५ वर टेपरेकॉर्डरच नव्हता. केंद्राच्या टप्प्यात असेल किंवा दुसऱ्या उपग्रहामार्फत पाठवता आलं तरच चित्र उतरायचं. म्हणून नव्वदच्या दशकात अमेरिकी साठ्यात आपल्या भागाची छिद्रं दिसतात. २०१० पासून त्यांनी जगभरच्या केंद्रांकडची लँडसॅट दृश्यं परत गोळा करायला घेतली आणि त्यांचा साठा कितीतरी वाढला.

माळरान
ताई, १९७३ चं चित्र शोधताना आमच्या भागाचा क्रमांक टाकला तर भलतीकडचं काहीतरी येतं. का?

तांबडंजंगल
कारण लँडसॅट १ ते ३ ची पाथ-रो पद्धत (उपग्रहाच्या फेरीचा पट्टा आणि त्यातली ओळ यांचे क्रमांक) वेगळी. तेव्हा पृथ्वीचे २५१ पट्टे होते, चौथ्यापासून २३३ झाले. मुंबई आज १४८-४७ आहे, जुन्या पद्धतीत १५९-४७. शोधताना आधी पद्धत निवडायची आणि मग क्रमांक टाकायचा.

गवताळ
म्हणजे नेमकं काय ठेवू? आमच्याकडे मूळ चित्रं, ढग काढलेली चित्रं, निर्देशांक, वर्गीकरण, दुरुस्त वर्गीकरण असे पाच थर आहेत.

सरळरेषा
माझं मत: मूळ चित्रांची फक्त यादी ठेवा, पूर्ण नावांसकट. ढग काढलेले आणि निर्देशांकाचे थर फेकून द्या, पण ज्या स्क्रिप्टने ते केले ती ठेवा. अंतिम वर्गीकरण ठेवा. आणि शिवारात जाऊन घेतलेल्या नोंदी! 'या बिंदूवर या तारखेला हरभरा होता' ही नोंद कुठल्याच उपग्रहाकडे नाही. ती दहा जीबीसुद्धा नसेल, पण परत मिळणार नाही.

तांबडंजंगल
आणि सूची. तुमच्या नकाशात ७ म्हणजे काय? आज तुम्हाला माहीत आहे, पडीक. पुढच्या वर्षी कोणीतरी 'चालू पडीक' आणि 'कायम पडीक' वेगळं करेल, आकडे बदलतील आणि जुन्या नकाशातला ७ कोणालाच कळणार नाही. वर्गांची सूची प्रत्येक गठ्ठ्यात साध्या मजकुराच्या फायलीत घाला. मराठीत घातलीत तरी चालेल.

एका बाबतीत सरळरेषांशी मतभेद: ढग काढलेली खरिपाची चित्रं फेकू नका. ऑगस्टात आपल्याकडे स्वच्छ आकाश किती दिवस मिळतं? चार-पाच तारखांचे तुकडे जोडून, हाताने ढगांच्या कडा दुरुस्त करून केलेलं ते चित्र स्क्रिप्टने पुन्हा जसंच्या तसं येणार नाही.

गवताळ
बरोबर. खरिपाच्या कडा आमच्या दोन मुलींनी हातानेच काढल्यात. ते ठेवते.

नऊ_ट्रॅक
रिळांकडे परत येतो. आधी हैदराबादच्या एनआरएससीकडे (इस्रोचं सुदूर संवेदन केंद्र) विचारा की त्या तारखेचं ते दृश्य साठ्यात आहे का. त्यांच्या भूनिधी संकेतस्थळावर आयआरएसच्या जुन्या उपग्रहांचीही चित्रं आहेत. सापडलं तर रीळ फक्त शोभेचं.

नाही सापडलं तर वाचणाऱ्याला दोन गोष्टी निक्षून सांगा. पहिली, नुसत्या फायली नकोत, टेपची जशीच्या तशी प्रतिमा हवी, प्रत्येक ब्लॉकची लांबी आणि टेपमार्क (फाइल संपल्याची खूण) यांसकट. 'टॅप' नावाच्या स्वरूपात ते राहतं. ब्लॉकच्या लांबीवरून ओळीची लांबी कळते, ओळीवरून चित्र जुळतं. दुसरी, सुरुवातीचा मजकूर कचरा दिसला तर घाबरू नका, तो एबसिडिक, म्हणजे आयबीएमच्या जुन्या अक्षर-संकेतात, असू शकतो.

पुणेरीओव्हन
चिकट टेप ओव्हनमध्ये भाजतात असं वाचलं होतं. घरच्या ओटीजीत ठेवली तर?

नऊ_ट्रॅक
नको! भाजतात हे खरं, पण चोपन्न अंशांच्या आसपास, काही तास, तापमान तसूभर न हलणाऱ्या प्रयोगशाळेच्या उपकरणात. ओटीजीत नानकटाई करा. आणि सगळ्या टेपांना ते लागतही नाही, कित्येक नऊ ट्रॅकच्या टेपा तशाच सुरळीत वाचल्या जातात.

चकलीपसंत
नानकटाई किती अंशांवर?

माळरान
गवताळताई, रिळातून चित्र निघालं तर इथे नक्की टाका. ए२ मध्ये आमचं गाव येतंय का बघायचंय.

गवताळ
नक्की. एनआरएससीला ईमेल केलाय. आणि विश्वस्तांशी बोलले. छाटणीनंतर बारा-तेरा टीबी उरतील असं दिसतंय. शेजारच्या जिल्ह्यातल्या दोन संस्था ड्राइव्हमध्ये भागीदारीला तयार आहेत. शेवटचा प्रश्न, एलटीओ-८ घेऊ की ९? दुकानदार म्हणतो ८ स्वस्त, आणि १० सुद्धा आलीय म्हणतो.

सरळरेषा
पूर्वी ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचायचा. ८ पासून एकच पिढी मागचं वाचतो. १० तर ९ ची टेप वाचतच नाही, तिच्या नादी लागू नका.

ड्राइव्ह ९ चा घ्या, टेपा ८ च्या. ९ चा ड्राइव्ह ८ वर लिहितोही आणि वाचतोही. ८ ची टेप १२ टीबीची, म्हणजे अजून थोडी छाटणी केलीत तर एकीत बसेल. शिवाय ९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं मोजमाप करत बसतो, कधी कधी दोन तास. ८ ला ते नाही. आणि ड्राइव्हचा पावतीवरचा अनुक्रमांक, साफसफाईची टेप आणि सॅसची केबल एकाच डब्यात ठेवा. केबल सगळ्यात आधी हरवते.